वाजवायला एक खोली

बेळगावच्या वडगावात एका गल्लीच्या तोंडाशी एक गाळा आहे. संध्याकाळी सात वाजले की त्याचं शटर अर्ध्यावर येतं. आत चार पोरं, दोन गिटारी, एक बेस आणि वाकळ पांघरलेला ड्रमसेट. बास ड्रमच्या पोटात उशी कोंबलेली, स्नेअरवर टॉवेल, आणि वरून कुणाच्या तरी आजीनं जुन्या लुगड्यांची शिवलेली जाड वाकळ. ड्रम वाजवणारा पोरगा उद्यमबागेत, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, एका फौंड्रीत मोल्डिंगला आहे. पहिली पाळी करून घरी येतो, अंघोळ करतो, दोन घास खातो आणि इथं येऊन वाकळीवर काठ्या मारतो. मी जमेल तेव्हा कोपऱ्यात तेलाच्या डब्यावर बसून ऐकतो. धप्प, धप्प असा दबका आवाज येत राहतो. खरा आवाज कसा असेल ते मनानं जोडून घ्यावं लागतं.

दोन वर्षांत ही त्यांची तिसरी जागा. पहिली अनगोळला, एका घराच्या गच्चीवरची खोली. दुसरी शहापुरात, मागच्या अंगणातली. दोन्हीकडे शेजाऱ्यांनी तक्रार केली, आणि दोन्हीकडे शेजाऱ्यांचं बरोबर होतं. भिंतीपलीकडे आजारी माणूस असेल, दहावीचं पोरगं अभ्यासाला बसलं असेल, तर त्यांनी तो ड्रम का सोसावा? आता गाळ्याच्या मालकानंही ‘दिवाळीपर्यंत बघा’ म्हणून सांगितलंय.

मी रॉक ऐकायला लागून पस्तीस वर्षं झाली. या संगीतानं मला जे दिलं, त्याचं थोडं तरी देणं लागतो म्हणून हे लिहितोय. माझी मागणी सरळ आहे. बेळगावात वाजवणाऱ्या पोरांसाठी, आवाज बाहेर जाणार नाही अशी एक खोली झाली पाहिजे. ती लोकांच्या पैशानं, लोकांच्या देखरेखीखाली चालावी, आणि पुढाकार आपल्या मराठी संस्थांनी घ्यावा. आपण वाचनालयं चालवली, तालमी चालवल्या, नाट्यसंस्था चालवल्या. कडोली, उचगाव, येळ्ळूर ही गावं स्वतः वर्गणी काढून, मांडव घालून मराठी साहित्य संमेलनं भरवत आली आहेत. ज्या मुलखातली खेडी एवढं उभं करतात, त्या मुलखाच्या शहराला एक खोली जड जाऊ नये.

यावर पहिला आक्षेप येतो तो मला लहानपणापासून पाठ आहे. ‘हे आपलं नव्हे.’

माझे वडील शहापुरातल्या भजनी मंडळात पेटी वाजवत. माझा एक मावसभाऊ वास्कोला नोकरीला होता. सुट्टीला येताना मडगावच्या बाजारातनं कॅसेट भरून आणायचा. नव्वद मिनिटांच्या एका कॅसेटवर एका बाजूला डीप पर्पल आणि दुसऱ्या बाजूला लेड झेपलिन, दोन्ही इंग्लंडचे रॉक बँड. ती मी इतकी वाजवली की फीत ताणून आवाज हेलकावे खायला लागला. वडील चार दिवस गप्प होते. पाचव्या दिवशी म्हणाले, “सगळं चांगलं असंल बाबा, पण ह्येची सम कुठं आहे ती दाखव मला.” मला दाखवता आली नाही. तेवढ्यात गाणं मधल्या भागात आलं, गिटार मागं सरली आणि डीप पर्पलच्या जॉन लॉर्डचा ऑर्गन पुढं आला. वडिलांनी हातातली कपबशी खाली ठेवली. शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाले, “ही पेटीच की रे. रागावलेली पेटी.”

त्यांनी कानानं ओळखलं ते बरोबर होतं, हे मला फार पुढं कळलं. जॉन लॉर्ड वाजवायचा तो हॅमंड ऑर्गन. १९३०च्या दशकात अमेरिकेत तो निघाला आणि मोठ्या पाइप ऑर्गनचा खर्च न झेपणाऱ्या चर्चमध्ये पोचला. लॉर्डनं तो गिटारच्या मार्शल अँप्लिफायरला जोडला आणि त्याचा आवाज फाटेपर्यंत चढवला. वडिलांची पेटीही युरोपातूनच आली. पॅरिसच्या एका कारागिरानं १८४२ साली हार्मोनियमचं पेटंट घेतलं होतं. आपल्याकडे आल्यावर आपल्या लोकांनी पायाचा भाता काढून हाताचा केला, मांडी घालून वाजवता येईल अशी पेटी घडवली. तरीसुद्धा १९४० साली आकाशवाणीनं पेटीला दार बंद केलं. आपल्या संगीतातली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्या सुरावर सलग घसरत जाणं, तिच्यातून निघत नाही, ती परकी आहे, असं कारण होतं. ते दार किलकिलं व्हायला १९७१ उजाडलं. त्या तीस वर्षांत शहापुरातलं एकही भजन पेटीवाचून थांबलं नव्हतं. ‘आपलं’ काय आणि ‘परकं’ काय याचा निकाल आधी भजनाच्या सतरंजीवर लागला, दिल्लीला तो मागाहून कळला.

आणि हे सांगायला लांब कशाला जायचं? मराठी संगीत नाटक म्हणजे आपल्या अभिमानाची ठेव. ते ज्यांनी उभं केलं ते अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८० साली त्यांनी पुण्यात आपलं संगीत नाटक रंगमंचावर आणलं, तेव्हा त्यातल्या पदांना कीर्तनाच्या चाली होत्या, लावणीच्या होत्या आणि कर्नाटकी चालीही होत्या. सीमेवरच्या माणसाच्या कानात जे जे पडत होतं, ते सगळं त्यांनी मराठी पदात आणलं. त्यांना कुणी ‘एकच काय ते ठरवा’ म्हणून अडवलं असतं, तर आज आपण अभिमानानं काय मिरवलं असतं?

आता उद्यमबागेकडे येतो, कारण बेळगाव आणि रॉक यांचं खरं नातं मला तिथं दिसतं.

इंग्लंडातलं बर्मिंगहॅम हे लोखंडकामाचं शहर. फौंड्र्या, प्रेस, पत्र्याचे कारखाने. १९६५ साली तिथल्या एका पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा कामाला होता. नोकरीचा शेवटचा दिवस, त्यानंतर तो पूर्णवेळ गिटार वाजवणार होता. त्या दिवशी मशीनमध्ये उजवा हात सापडला आणि मधल्या दोन बोटांची पेरं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. डॉक्टरांनी सांगितलं, गिटार विसर. मग कारखान्याच्या फोरमननं त्याला घरी येऊन एक रेकॉर्ड ऐकवली. ती जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची होती. आगीत भाजल्यामुळे त्याची डाव्या हाताची दोनच बोटं नीट चालायची, आणि त्या दोन बोटांवर तो अख्ख्या युरोपला वेड लावत होता. आयोमीनं भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवली, तिच्या टोप्या केल्या, घासून घासून बोटांना बसवल्या आणि तारेवर पकड यावी म्हणून वर जुन्या जाकिटाच्या चामड्याचे तुकडे चिकटवले. जाड तारा दाबवेनात, म्हणून बारीक तारा लावल्या. पुढं तारा सैल सोडून सूर खाली उतरवला. त्या खाली उतरलेल्या, जड, घनाच्या घावासारख्या आवाजातून ब्लॅक सॅबथ हा चौघांचा बँड उभा राहिला आणि हेवी मेटल नावाचा सगळा प्रांत पुढं आला. पहिली रेकॉर्ड त्यांनी ऑक्टोबर १९६९ मध्ये एका दिवसात वाजवून संपवली.

मी हे वाचलं तेव्हा मला आमच्या ओळखीचे हात आठवले. उद्यमबागेत, मच्छ्याकडच्या कारखान्यांत ज्यांनी वीस-वीस वर्षं काढली, त्यांच्यात एखादं पेर नसलेला माणूस शोधावा लागत नाही. साच्यात ओतलेलं लोखंड, साचा फोडताना शेकआउटला हलणारी वाळू, निघालेला माल घासणाऱ्या फेटलिंगच्या ग्राइंडरची किरकिर, हे ऐकत वाढलेल्या पोराला मेटल समजावून सांगावं लागत नाही. तो आवाज त्याच्या दिवसाचाच असतो. फरक एवढाच की कारखान्यात तो आवाज त्याच्यावर चालून येतो आणि ड्रमवर बसल्यावर तो त्याच्या हातात असतो. गाळ्यातल्या त्या ड्रमरनं हे एकदा मला अगदी साधेपणानं सांगितलं होतं: “दिवसभर मशीन म्हणंल तसं हात हलवायचं. इथं मी म्हणंन तसं.”

बर्मिंगहॅमनं त्या चार पोरांचं पुढं काय केलं? २०१९ मध्ये शहराच्या मध्यवर्ती रस्त्यावरच्या कालव्याच्या पुलाला बँडचं नाव दिलं. ५ जुलै २०२५ रोजी ते चौघे आपल्याच वस्तीजवळच्या फुटबॉल मैदानावर शेवटचं वाजवायला उभे राहिले. गायक ऑझी ऑसबॉर्नला उभं राहता येत नव्हतं, तो खुर्चीत बसून गायला, आणि १७ दिवसांनी गेला. त्याची अंत्ययात्रा त्याच पुलावर थांबली. कामगारांच्या चाळीतल्या पोरांच्या गोंगाटाला एका शहरानं आपली ओळख मानलं. आपल्याकडे तोच पोरगा शटर अर्धं ओढून बसलाय.

दुसरा आक्षेप आवाजाचा, आणि तो खरा आहे. म्हणून त्याबद्दल नीट बोलू या.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. सणासुदीला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. मी गणपतीचा भक्त आहे, विसर्जनाच्या मिरवणुकीत कपिलेश्वर तलावापर्यंत चालत जातो. ढोल, झांजपथक, लेझीम आलं की आजही अंगावर काटा येतो. पण ट्रॅक्टरवर रचलेल्या डॉल्बीच्या भिंतीपुढं छातीत जे हादरे बसतात, खिडक्यांची तावदानं थरथरतात, लहान पोरं कान झाकून रडतात, ते आपण रात्रभर चालवून घेतो. त्याच गल्लीत पोरानं संध्याकाळी सात वाजता ड्रमला हात लावला की लोक दार वाजवतात. डॉल्बी बंद करायची हिंमत आपण एकत्र येऊन दाखवली पाहिजे, असं माझं मत आहे. पण तोवर या पोरांना तरी त्या पापाचे धनी करू नका. आणि त्याच नियमांत एक वाट ठेवलेली आहे: बंद सभागृहात, आतल्या आत, रात्रीही वाजवता येतं. हद्दीबाहेर आवाज ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ नये, ही अट. म्हणजे खोली नीट बांधली, की पोरांचा प्रश्न सुटतो आणि शेजाऱ्यांचाही.

नीट बांधायची म्हणजे कशी? पोरं भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवतात. त्यानं आतला घुमारा थोडा कमी होतो, बाहेर जाणारा आवाज मुळीच अडत नाही. आवाज अडवतं ते वजन. ड्रमसेट खोलीत शंभर डेसिबलच्या वर जातो. डेसिबलचं गणित असं की दर दहामागं आवाजाची ताकद दहापट होते, म्हणजे शंभरावरून पंचावन्नावर आणायचं तर फार मोठा भाग भिंतीतच मारावा लागतो. नऊ इंची विटेची, दोन्हीकडून गिलावा केलेली भिंत यातलं बहुतेक काम करते. आवाज पळतो तो दाराच्या फटीतून, खिडकीतून, एसीच्या भोकातून. म्हणून खिडकी ठेवायची नाही. दारं दोन, एकामागं एक, मध्ये हातभर जागा, कडेला रबर. हवेसाठी वळणावळणाची, आतून गादी लावलेली वाहिनी. बास ड्रमचा ठोका जमिनीतून जातो, त्यासाठी ड्रमखाली वेगळं लाकडी फळ्यांचं जोतं आणि त्याखाली रबरी पॅड. ते पॅड कसले? उद्यमबागेत लेथखाली, प्रेसखाली घालतात तसलेच. दाराच्या पोकळीत भरायला सुकी वाळू लागते, तीही फौंड्रीत ढिगानं पडलेली आहे. हे सगळं करू शकणारे मिस्त्री, फिटर, वेल्डर या शहरात गल्लोगल्ली आहेत. बेळगावएवढं सोपं हे दुसऱ्या कुठल्या गावाला नसेल.

आता तिसरी गोष्ट, आणि ही मला माझ्याच पिढीच्या रॉकप्रेमींना सांगायची आहे.

कॅम्पात चहाला जमणारे आम्ही काही जण आहोत. पन्नाशीच्या आगेमागे. जुनं सगळं मुखोद्गत. आमच्यातले बरेच जण म्हणतात, १९८० नंतर काय राहिलंय? मी स्वतः कित्येक वर्षं हेच म्हणत होतो. १७ मार्च २००७ ला आयर्न मेडन हा इंग्लंडचा मेटल बँड बंगळूरला पॅलेस ग्राउंडवर वाजवणार होता. आम्ही तिघं राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं गेलो. तिथं ईशान्येकडून तीन-तीन दिवस रेल्वेनं आलेली पोरं भेटली, कोल्हापूरची भेटली, केरळची भेटली. परत येताना गाडीत मी म्हणालो, आता याच्या पुढं बघायचं काही उरलं नाही. आज ते वाक्य आठवलं की वाईट वाटतं. तिथून पुढची दहा वर्षं मी नवं काहीच मनापासून ऐकलं नाही. ‘हे आपलं नव्हे’ आणि ‘आमच्या वेळचं ते खरं’ ही दोन्ही वाक्यं एकाच घरातली आहेत. वडिलांनी तर निदान कपबशी खाली ठेवून ऐकलं होतं.

माझे कान उघडले ते गाळ्यातल्या पोरांनी. त्यांनी गोजिरा ऐकवलं. नैर्ऋत्य फ्रान्समधले दोन भाऊ आणि त्यांचे सोबती. २६ जुलै २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनाला नदीकाठच्या जुन्या तुरुंगाच्या इमारतीवर ते उभे राहिले आणि सगळ्या जगानं पाहिलं. फ्रान्सच्या सरकारी सोहळ्यात मेटल वाजलं. त्यांनी दिल्लीचा ब्लडीवुड ऐकवला: गिटारच्या मधोमध ढोल आणि बासरी, शब्द हिंदी, पंजाबी आणि इंग्रजी. २०१९ मध्ये जर्मनीतल्या वाकनच्या मेटल महोत्सवात तो वाजला. मंगोलियाचा द हू ऐकवला, ज्यांच्या हातात घोड्याचं डोकं कोरलेलं दोन तारांचं मोरिन खूर असतं आणि गळ्यात खर्जातलं कंठगायन. हे ऐकताना माझ्या मनात आलं, ढोलपथकात वर्षानुवर्षं घाम गाळणारी आपली पोरं या संगीतात कुठं कमी पडणार आहेत?

आणि त्यांनी तीन मुली ऐकवल्या. व्हॉइस ऑफ बाचेप्रोत. इंडोनेशियात पश्चिम जावामधल्या गारुत भागातल्या, हिजाब घालणाऱ्या, २०१४ मध्ये शाळेत असताना बँड केलेल्या. त्यांच्या नावातला ‘बाचेप्रोत’ हा शब्द त्यांच्या सुंदानी भाषेतला, अर्थ गोंगाट. देशाची राजभाषा वेगळी, जगाची भाषा इंग्रजी, पण त्या सुंदानीतही गातात. २०२४ मध्ये इंग्लंडमध्ये ग्लास्टनबरी संगीत महोत्सवाच्या मंचावर पोचल्या. शाळेतल्या एका शिक्षकानं त्यांना हे संगीत ऐकवलं, वाजवायला वाट करून दिली, तिथून हे सुरू झालं.

मला आपल्या सीमाभागाशी हे थेट जोडलेलं दिसतं. आपण इथं मराठी टिकवण्यासाठी झगडतो. पाट्या, कागदपत्रं, शाळा, सगळीकडे. आमच्या घरातल्या दोन पिढ्या त्या झगड्यात गेल्या आणि त्याचं मोल मला ठाऊक आहे. पण झगड्याची सवय लागली की भाषा आपण तिजोरीत ठेवायला लागतो. संमेलनात परिसंवाद, कथाकथन, कविसंमेलन होतं, त्यातली भाषा बहुतेक पुण्याची असते. आपली ‘काय करूलास’, ‘कुठं जाऊलास’ ही बोली, जिच्यात कन्नडचा हेल मुरलेला आहे, ती घरात आणि कट्ट्यावरच राहते. गाण्यात ती मी कधी ऐकली नव्हती. गाळ्यातली पोरं आधी इंग्रजीत लिहायची. मग एकानं वहीत एक ओळ लिहिली: ‘पाऊस लागलाय, भट्टी पेटलीय, तू काय करूलास?’ गिटारवाल्यानं ती पुण्याच्या मराठीत नीट करून म्हटली, तेव्हा ती पडलीच. ड्रमरनं सांगितलं, ‘करूलास’च ठेव, तीन ठोके बरोबर बसतात. हा ड्रमर गोकाककडचा, घरी कन्नड बोलणारा.

मराठी संस्थेच्या खोलीत कन्नड बोलणारा ड्रमर चालेल का, असं मला एकानं काळजीनं विचारलं. त्यांना मी सुळेभावीची आठवण दिली. बेळगावजवळच्या या गावात १९२४ साली शिवपुत्र कोमकळी जन्मले, घरची भाषा कन्नड. मुंबईला देवधर मास्तरांकडे शिकले. ते मास्तरही पाश्चात्त्य संगीताचा अभ्यास केलेले. पुढं कुमार गंधर्व म्हणून त्यांनी मराठी पदं गायली, माळव्याची लोकगीतं गायली, कबीर गायला. आपण त्यांना आपलं म्हणतोच ना?

यंदाच्या संमेलनांच्या स्वागत समित्यांना माझी विनंती आहे. कविसंमेलनानंतरचा एक तास इथल्या बोलीत लिहून वाजवणाऱ्या पोरांना द्या. मांडव तोच, वीज तीच, आवाज मर्यादेत ठेवायची जबाबदारी आम्ही जुने रॉकवाले घेतो. आणि ज्या संस्थांकडे इमारती आहेत, त्यांनी तळघर किंवा मागची गोदामाची खोली दाखवावी. भिंतीचं, दारांचं, पॅडचं काम अंगावर घ्यायला उद्यमबागेतले दोन वर्कशॉपवाले माझ्याशी बोललेत. खोली सगळ्यांना खुली असावी, तासाला परवडेल असं भाडं असावं, मुलींसाठी वेळ राखून ठेवावी, आणि वेळापत्रक दारावर लावलेलं असावं.

गेल्या महिन्यात त्यातल्या एका वर्कशॉपवाल्यानं सुट्टीच्या दिवशी आपलं शेड उघडून दिलं. आजूबाजूला वस्ती नाही. पोरांनी टेम्पोतून सामान आणलं, वाकळ काढून बाजूला घडी करून ठेवली, बास ड्रममधली उशी काढली. ड्रमरनं एक ठोका मारला आणि थांबला. पत्र्याच्या छताला तो आवाज लागून परत आला. त्यानं हात चामड्यावर ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला, मग काठ्या उचलल्या. तीन तास वाजवलं. ती ‘काय करूलास’ची ओळ मी पहिल्यांदा पूर्ण आवाजात ऐकली. शेडचा वॉचमन खुर्ची घेऊन दारात येऊन बसला आणि हललाच नाही.

संध्याकाळी सामान परत गाळ्यात आलं. पाऊस होता, वाकळ टेम्पोत भिजली होती. शटरच्या आत दोरी बांधून ती वाळत टाकली. दुसऱ्या दिवशी सात वाजता त्यानं ती काढून पुन्हा ड्रमवर घातली.